रिकाम्या तांब्याचा नेम

माझ्या सासूबाई, येसूबाई, रोज सकाळी रिकामा तांब्या घेऊन देवाला पाणी घालायला जायच्या.

लग्न होऊन मी आंबेमाळावर आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी त्यांच्या मागोमाग गेले होते. घरामागची पायवाट करवंदीच्या जाळ्यांमधून खाली ओढ्यावर उतरते. ओढ्याच्या काठाला, उंबराच्या मुळांत, शेंदूर फासलेले सात दगड आहेत. साती आसरा. पाण्यातल्या बहिणी. त्यांना देऊळ नाही, कळस नाही, पाणी हेच त्यांचं घर. सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, तांब्या पहिल्या दगडावर तिरका केला आणि तसाच धरून ठेवला. काहीच पडलं नाही. मग दुसरी, तिसरी, अशा साती जणी. एकेकीवर तेवढाच वेळ, जेवढा धारेला लागतो. शेवटी तांब्या पालथा करून झटकला, तळाचा थेंबही राहू नये म्हणून.

मला वाटलं, म्हातारीला दिसत नसेल. पाणी भरायचं राहिलं असेल.

"आत्याबाई, पाणी भरून आणू का?"

"कुटनं?"

"घरून. हंड्यातलं."

"ते नळाचं. ह्या वढ्यातल्या बाया हायेत. त्येंचं पानी त्येंनाच द्यायचं आसतंय. दुसरीकडनं आनून घातलं तर ती भीक झाली."

मी ओढ्याकडं पाहिलं. कोऱ्या चहासारखं पाणी दगडांना वळसे घालत चाललं होतं आणि कडेला पिवळट साय धरली होती. वास असा, की पदर आपोआप नाकाशी गेला.

"हे कसं घालू?" त्या म्हणाल्या. "पर हात थांबवायचा न्हाई. हात थांबला की त्या म्हनतील, येसू बी इसरली."

ओढ्याच्या वर, पठारावर, कचऱ्याचा डेपो आहे. लोणावळ्याला हिंडायला येणारी माणसं, हॉटेलं, बंगले, या सगळ्यांचं उरलंसुरलं तिथं येऊन पडतं. चिक्कीचे खोके, मक्याची चोखलेली कणसं, फाटके रेनकोट. त्या डोंगरातून जे झिरपतं ते खालच्या एका तळ्यात साठतं. आम्ही त्याला काळं पाणी म्हणतो. पाऊस लागला की तळं भरतं, भरलं की झडप उघडावी लागते, आणि झडप उघडली की सगळं आमच्या ओढ्यात. वर्षभरही थोडंथोडं पाझरत राहतंच. मी आले तेव्हा सासूबाई दोन वर्षं रिकामा तांब्या ओतत होत्या. नंतर नऊ वर्षं मी त्यांच्या मागं उभी राहिले. त्या येऊन चूळ भरेपर्यंत मीही तोंडात काही घालत नसे. हळूहळू मला त्या रिकाम्या तांब्यातून पडणारं काहीतरी दिसायलाही लागलं होतं. हिवाळ्यात, धुकं ओढ्यावर टेकलेलं असायचं तेव्हा तर नक्कीच. तांब्याच्या ओठापाशी धुकं जरा हलायचं.

*

दोन वर्षांमागं डेपोवर तळ्याच्या काठी पत्र्याची शेड उभी राहिली. काळं पाणी धुऊन पाहायचा प्रयोग. त्यासाठी देहूरोडहून एक तरुण इंजिनीयर मोटरसायकलवर येऊ लागले, प्रज्ञेश सर. वाडीत बारावी शास्त्र झालेली मी एकटीच, म्हणून मला मदतनीस घेतलं. बरण्या धुवायच्या, ढवळायचं, वहीत लिहायचं.

डेपोचा राखणदार कोंडूभाऊ आमच्याच वाडीतला. त्यानं पहिल्याच दिवशी सरांची चौकशी केली.

"सायेब, वडील काय करत्यात?"

"लष्कराच्या डेपोत होते. आता रिटायर."

"मंग बराबर. बापाचा बी डेपो, पोराचा बी डेपो. त्येंचा दारूगोळा, तुमचा कचरागोळा."

सर हसले. चांगला माणूस. रोज सकाळी शेडचं दार उघडण्याआधी ते हात जोडून डोळे मिटायचे आणि ओठांतल्या ओठांत पंचशील म्हणायचे. मी तेव्हा दूर उभी राहायचे. मग माझा माळेवरचा जप सुरू व्हायचा तेव्हा ते दूर राहायचे. एकमेकांना आम्ही कधी काही विचारलं नाही.

काम असं होतं. काचेच्या सहा बरण्यांत काळं पाणी घ्यायचं. सर हातमोजे घालून त्यात आम्लाचे थेंब सोडायचे, कागदाची पट्टी लालसर होईपर्यंत. मग हिराकस. आपल्याकडं पूर्वी शाई करायला वापरायचे तीच हिरवी खडी. आणि मग पेरॉक्साईड, दवाखान्यात जखम धुवायला वापरतात त्याचाच जास्त कडक प्रकार. ते पडलं की बरणी कोमट व्हायची, काळं पाणी आतल्या आत खळबळायचं, आणि बघता बघता रंग उतरायला लागायचा. काळ्याचा तपकिरी, तपकिरीचा मधासारखा. शेवटी चुन्याचं पाणी. ते पडताच हिराकशीतलं लोखंड फाटलेल्या दुधासारखं वेगळं व्हायचं, त्याच्या गंजकट कळ्या धरायच्या, आणि उरलीसुरली घाण पोटाशी धरून त्या तळाला बसायच्या. वर निवळ पाणी.

कळ्या धरताना फार हळू ढवळावं लागतं. जोरात ढवळलं की मोडतात. सर म्हणायचे, वीस मिनिटं. मोबाईलवर वेळ लावण्यापेक्षा मला माळ सोपी होती. माझ्या संथ जपाच्या दोन माळा म्हणजे बरोबर वीस मिनिटं. सरांनी एकदा घड्याळ लावून पाहिलं आणि मान हलवली.

"ताई, अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही."

"गडबड केली तर पडतो," मी म्हटलं.

ढवळता ढवळता माझी तंद्री लागायची. बाहेर धुकं, कचऱ्याच्या डोंगरावर बगळे, आणि माझ्या हातात एक लहानसा ओढा गोल गोल फिरत असलेला. वाटायचं, इकडं मी ढवळतेय आणि तिकडं खाली साती जणी कान देऊन बसल्यात.

पण प्रयोग जमत नव्हता. कळ्या खाली बसण्याऐवजी कधीकधी वर यायच्या, सायीसारख्या तरंगायच्या. आणि पाणी कितीही निवळ दिसलं तरी तळेगावच्या प्रयोगशाळेतून येणारा घाणीचा आकडा मोठाच यायचा. आकडा वाढला की सर पेरॉक्साईड वाढवायचे. पेरॉक्साईड वाढवलं की पुढचा आकडा आणखी मोठा. सरांच्या डोळ्यांखाली काळं धरलं. माघ संपता संपता समिती पाहायला येणार होती. आकडा उतरला तर कायमचा प्रकल्प, नाही तर शेड उचलायची, आणि पावसात कोंडूभाऊनं पुन्हा झडप उघडायची.

*

पौषात सासूबाईंचे गुडघे गेले. पायवाट उतरताना त्या माझ्या खांद्याला धरून चालायच्या, आणि मोतीबिंदूमुळं त्यांना दगडांचा नुसता शेंदरी डाग दिसायचा. एके सकाळी तांब्या झटकून झाल्यावर त्या तिथंच मुळावर बसल्या.

"बबे, अवंदा माजं काय खरं न्हाई."

"असं बोलू नये, आत्याबाई."

"बोलायला काय झालं? मराया नगं का? बग, मला दिसत तर न्हाईच. पर एक डाव धार पडल्याली ऐकली आसती. निस्ता आवाज. मंग खुशाल हात थांबला आसता."

त्या दिवशी शेडमध्ये तिसऱ्या बरणीतलं पाणी इतकं निवळलं, की बरणीमागं ठेवलेल्या वहीवरची माझी अक्षरं मला वाचता आली. मी बघतच राहिले. हे ओढ्याचंच पाणी नाही का? ओढ्यात जायचं तेच, फक्त वाटेत न्हाऊन आलेलं. यात दुसरीकडचं काय आहे?

सर फोनवर बोलत बाहेर गेले होते. मी बरणीवरचं पाणी हळूच एका प्लास्टिकच्या बाटलीत काढून घेतलं. न विचारता. आयुष्यात कुणाच्या वस्तूला मी हात लावला नव्हता. तरी त्या क्षणी मला चोरी केल्यासारखं वाटलं नाही. पाहुणीला घरी घेऊन निघाल्यासारखं वाटलं.

सकाळी बाटली फुगून टणक झाली होती. झाकण फिरवताच तिनं मोठा श्वास सोडला. मला नवल वाटलं, पण थांबले नाही. तांब्यात पाणी ओतलं आणि सासूबाईंच्या हाती दिलं.

"आत्याबाई, आज ओढ्याचं पाणी आहे."

त्यांनी तांब्याचं वजन हातावर तोललं. मग तो माझ्याकडं परत दिला आणि पदर सावरला. उतारावर तांब्या मी धरला. वाटेत तो माझ्या हातात कुजबुजत होता. खरंच सांगते, आतून बारीक बारीक सूर येत होता, कान लावल्यावर शंखातून येतो तसा. मला वाटलं, बहिणींना घर जवळ आल्याचं कळलंय.

सासूबाईंनी पहिल्या दगडावर धार धरली. अकरा वर्षांनी पाण्याचा आवाज झाला. त्यांचं तोंड उघडं राहिलं. दुसरी, तिसरी. त्या पुटपुटत होत्या, "घ्या गं बायांनू, घ्या." सातवा दगड ओढ्याकडं कललेला, शेंदूर कमी आणि शेवाळ जास्त. त्यावर धार पडली आणि दगड फसफसला. पांढरा फेस उमटला, बुडबुडे शेवाळातून वर यायला लागले, आणि चुलीवर दूध उतू जाताना होतो तसा आवाज. मागं पाहिलं तर जिथं जिथं शेवाळ होतं तिथं तिथं बाकीच्या दगडांवरही फेस.

सासूबाईंच्या हातून तांब्या सुटला.

"थुकल्या," त्या म्हणाल्या. "बबे, माज्यावर थुकल्या गं त्या."

"नाही हो आत्याबाई..."

"मला ऐकाया येतंय!"

त्या घरी आल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. दुसऱ्या दिवशी उठल्या नाहीत. तांब्या फळीवर पालथा. चहाशिवाय काही घेईनात. तिसऱ्या दिवशीही नेम झाला नाही. जो हात अकरा वर्षं रिकामा का होईना चालत होता, तो माझ्यामुळं थांबला. मी दिव्यापुढं बसले, पण जपाचा एकही मणी पुढं सरकेना.

*

तिसऱ्या दिवशी शेडवर गेले ती सरांसमोर जाऊनच उभी राहिले.

"सर, मी तेरवा बरणीतलं पाणी नेलं. तुम्हाला न विचारता."

ते पेन खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागले. "कशाला?"

"देवाला घालायला."

"कुणी प्यायलं तर नाही ना?" ते उठूनच उभे राहिले.

"नाही. दगडांवर घातलं. पण दगडांवर फेस आला. सासूबाई म्हणतात देवी थुकल्या. त्या अंथरुणावर आहेत, सर."

दारात टेकलेला कोंडूभाऊ म्हणाला, "आसरांनी साबन लावला आसंल. एवढ्या वर्षांनी आंघूळ म्हनल्यावर!"

सर हसले नाहीत. "फेस? कसला फेस? सगळीकडं?"

"शेवाळावर जास्त."

ते दाराकडं वळले. मग म्हणाले, "कोंडूभाऊ, थोडं शेवाळ आणता? कुठलंही. ओलं."

कोंडूभाऊनं शेडमागच्या भिंतीचं शेवाळ नखानं खरवडून आणलं. सरांनी आदल्या दिवशीच्या निवळ बरणीत ते टाकलं. शेवाळ बुडालं, क्षणभर तसंच राहिलं, आणि मग त्याच्या अंगाअंगातून बुडबुडे सुटायला लागले. बारीक, चांदीसारखे. मोठं सुंदर दिसत होतं ते. आणि बघता बघता ते शेवाळ बुडबुड्यांवर बसून वर आलं.

सर रिकाम्या ड्रमवर बसले. दोन्ही हात डोक्याला.

"ताई, दवाखान्यात जखमेवर ओतल्यावर फेस येतो की नाही?"

"येतो."

"तसाच हा. आपण ओततो त्यातलं पेरॉक्साईड खपतच नाहीये. पाण्यात शिल्लक राहतंय. त्याचेच बुडबुडे कळ्यांना वर उचलतात. आणि प्रयोगशाळेतल्या परीक्षेला ते शिल्लक पेरॉक्साईडसुद्धा घाणच वाटतं. म्हणून आकडा मोठा. आणि आकडा मोठा म्हणून मी आणखी ओतत बसलो." त्यांनी बरणीतलं तरंगतं शेवाळ पेनानं खाली दाबलं. "पुस्तकात लिहिलेलं असतं हे. मी वाचलेलंही आहे. पण आपल्या बरणीत तेच घडतंय हे काही डोक्यात आलं नाही."

बाटलीनं सोडलेला श्वास मला आठवला. तांब्यातली कुजबुजही. दोन वेळा मला सांगितलं गेलं होतं. मी मात्र गोड मानून घेतलं.

"सर, चूक माझी. न्यायला नको होतं."

"नको होतंच," ते म्हणाले. "पुन्हा नेऊ नका. पण अहवालात मला लिहावं लागेल, हे कसं सापडलं ते. खोटं लिहायचं नाही असं मी रोज सकाळी म्हणतो. काय लिहू? साती आसरांनी दाखवून दिलं म्हणू?"

"शेवाळ लिहा. शेवाळ काही खोटं नाही."

"शेवाळानं तळेगावची लाखाची मशीन हरवली," कोंडूभाऊ म्हणाला. "माज्या बायकूला सांगतो, ती रोज न्हानीतलं घासून टाकती."

*

घरी जाऊन मी सासूबाईंच्या पायांशी बसले. सांगायला फार वेळ लागला. मी हळू बोलते. पाणी कुठलं, मी ते कसं काढलं, फेस कशाचा, सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. बाहेर कोंबडी पिल्लांना घेऊन अंगणभर फिरत होती तिचा आवाज तेवढा.

मग भिंतीकडूनच आवाज आला.

"म्हंजी ते पानी कच्चं व्हतं."

"व्हय, आत्याबाई." त्यांच्याशी बोलताना माझंही तोंड कधीकधी वाडीचं होतं. "कच्चंच व्हतं."

"आनि तू ते देवाला घातलंस."

"व्हय."

"अर्धा शिजल्याला भात कुनी निवदाला ठेवतं का गं? ताटावरनं उटून जातील न्हाई तर काय!" त्या कुशीवर वळल्या. डोळे ओले होते, पण त्यात राग होता, आणि राग पाहून मला हायसं वाटलं. "थुकल्या त्या माज्यावर न्हाई. तुज्या सैपाकावर थुकल्या."

"व्हय."

"मंग नीट शिजीव की! त्या सायबाला सांग. आनि ऐक. आता मला फसवू नगं. पानी खरंच चांगलं झालं ह्ये मला तू सांगायचं न्हाई, तुजा सायेब बी न्हाई. वढ्यात खेकडा दिसला की मला सांग. खेकडा खोटं बोलत न्हाई."

आमच्या ओढ्यात पूर्वी काळे खेकडे इतके असायचे म्हणे, की दगड उचलला की दोन पळायचे. मी त्यातला एकही कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या सकाळी त्या उठल्या. फळीवरचा तांब्या घेतला, रिकामाच, आणि खांद्यासाठी माझी वाट बघत दारात उभ्या राहिल्या.

*

आता पेरॉक्साईड कमी घालायचं आणि ते सगळं खपवायचं कसं, हा प्रश्न होता. सर एकदम ओतायचे, अर्धं ओतून थांबायचे, पुन्हा ओतायचे. बरणी कधी उसळायची, कधी थंड राहायची.

मी भीतभीत म्हटलं, "सर, महादेवाच्या पिंडीवर गळती असते ना, तशी लावली तर?"

"गळती म्हणजे?"

"वर टांगलेलं भांडं, तळाला बारीक भोक. थेंब थेंब पडत राहतं. देव एका दमात भिजवायचा नसतो."

सरांनी वहीच्या मागच्या पानावर तसं भांडं काढून पाहिलं. दुपारी मोटरसायकलवर खाली जाऊन ते सलाईनच्या नळ्या घेऊन आले. सहा बरण्यांवर सहा बाटल्या टांगल्या. चाक फिरवून थेंबाचा वेग धरला.

कोंडूभाऊ बघायला आला आणि दारातच हात जोडून उभा राहिला. "आता कसं! कचऱ्याला सलाईन लावलं. पेशंट जगतोय का बगा."

त्या दिवसापासून शेड फार शांत झाली. नुसते थेंब. एक पडायचा, पाण्यात तांबूस फूल उमलायचं, विरायचं, मगच दुसरा. घाई नाही. माझे मणी त्या थेंबांच्या लयीत सरकायला लागले. चुन्यानंतर पाणी दिवसभर तसंच ठेवायचं, खालून वारा सोडत. आणि शेवटी परीक्षा म्हणून मी प्रत्येक बरणीतलं थोडं पाणी वाटीत घेऊन त्यात शेवाळाची एक चिमूट टाकायची. वहीत मी एक रकाना आखला. पहिल्या आठवड्यात त्यात लिहिलं गेलं, बुडबुडे. दुसऱ्या आठवड्यात, थोडे बुडबुडे. माघ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी सहाही वाट्यांसमोर ओणवी बसले होते. शेवाळ बुडालं. तळाशी जाऊन हिरवंगार पडून राहिलं. मी वाट पाहिली, एक माळ पूर्ण होईपर्यंत. काही हाललं नाही. मी लिहिलं, शेवाळ शांत.

तळेगावचा आकडा उतरून आला. समितीतल्या मंडळींनी बरण्या पाहिल्या, वही पाहिली. एका बाईंनी तो रकाना बोट ठेवून वाचला आणि विचारलं, हे काय? सरांनी सरळ सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "परीक्षेच्या पट्ट्या मिळतात, त्या आणा. पण हेही चालू ठेवा."

*

बरण्यांच्या जागी टाक्या आल्या. धुतलेलं पाणी लगेच ओढ्यात सोडत नव्हते. आधी कर्दळी लावलेल्या एका लांबट वाफ्यातून ते फिरवायचे, आणि त्या कर्दळींना इतकी लाल फुलं आली की बगळे कचऱ्यावरून उठून तिकडं जाऊन बसायला लागले. त्या पावसाळ्यात कोंडूभाऊनं झडप उघडली नाही. तिच्या चाकावर त्यानं आपला रेनकोट वाळत घातला होता, तो पावसाळाभर तिथं वाळलाच नाही.

मोठ्या पावसानं ओढा खरवडून नेला. भाद्रपदात सायीचा पट्टा गेला, अश्विनात वास. रोज सकाळी मी सासूबाईंना धरून खाली न्यायचे, त्या रिकामा तांब्या ओतायच्या, आणि वर येताना विचारायच्या, "खेकडा?"

"नाही दिसला, आत्याबाई."

"मंग न्हाई."

पाणी इतकं स्वच्छ दिसायचं की कितीदा जिभेवर आलं, घाला आता. पण मी बोलले नाही.

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. धुकं इतकं दाट की उंबर दिसत नव्हता, नुसतं त्याच्या पानांवरून ठिबकणारं ऐकू येत होतं. सासूबाई मुळावर बसल्या. मी दगडांची हळदकुंकवाची ताटली धुवायला पाण्यात वाकले, आणि ताटलीच्या कडेखालून काहीतरी आडवं सरकलं. काळं, सुपारीएवढं. एक नांगी वर करून ते थांबलं, माझ्याकडं पाहिल्यासारखं. मग दगडाखाली गेलं. पाण्यात त्यानं उडवलेली माती हळूहळू खाली बसली. मी ती पूर्ण बसेपर्यंत बोलले नाही.

"आत्याबाई."

माझ्या आवाजातच त्यांना कळलं. "किती मोटा?"

"सुपारीएवढा."

"पोर हाय मंग. म्हंजी आई बी आसंल." त्यांनी तांब्या पुढं केला. "भर."

मी ओढ्यात तांब्या बुडवला. गुडगुड करत भरला. त्यांच्या हातात दिला, त्या उठल्या, पदर घेतला, पहिल्या दगडावर हात नेला, आणि हात खाली गेला. तांब्या पडता पडता राहिला. बाराव्या वर्षालाही तो हात रिकाम्या तांब्याच्याच सवयीचा होता. भरलेल्याचं वजन त्याला पेलेना. पौषात मी दिला होता तेव्हाही जड गेला असणार, पण तेव्हा त्या कुणाला दाखवणाऱ्या नव्हत्या.

"लय जड झालं गं ह्ये," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "धर की! बगत काय ऱ्हायलीस!"

मी मागून त्यांच्या कोपराखाली हात दिला. धार पडली. एकीवर, दुसरीवर. आम्ही दोघी श्वास धरून ऐकत होतो. सातव्या दगडाशी आलो तेव्हा त्यांनी मान कलती केली, कान जवळ नेला. पाणी शेवाळावर पडलं, त्याच्या केसांतून वाट काढत उतरलं, आणि खाली ओढ्याला जाऊन मिळालं. बाकी काही नाही.

"गप हायेत," सासूबाई कुजबुजल्या.

"व्हय."

त्यांनी तांब्या पालथा करून झटकला. दोन थेंब पडले. मग तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि आपले दोन्ही हात पदराला पुसले.

"उद्याला तू घाल," त्या म्हणाल्या. "मी बसून ऐकते."